मॉरिशसचा ८१ मीटरचा प्रश्न

मॉरिशसच्या किनाऱ्यावर एक विचित्र मोजमाप कायद्याने आजही जिवंत आहे: ८१.२१ मीटर. फ्रेंच अमलात राजाने समुद्राकाठची ५० पावलांची पट्टी स्वतःकडे राखून ठेवली होती. एक पाऊल पाच फ्रेंच फुटांचं, म्हणजे सगळी मिळून अडीचशे फूट. ते मीटरमध्ये बसवताना हा दशांशासकट आकडा निघाला. हेतू संरक्षणाचा होता. शत्रूचं गलबत दिसलं तर तोफा लावायला आणि शिपाई हलवायला काठ मोकळा हवा. पुढे राजा गेला, १८१० मध्ये इंग्रज आले, १९६८ मध्ये तेही गेले. पट्टी मात्र राहिली. तिला तिथे ‘पा जेओमेत्रिक’ म्हणतात. ही जमीन सरकारची, म्हणजे लोकांची. आणि हीच जमीन सरकार हॉटेलांना आणि बंगलेवाल्यांना भाडेपट्ट्याने देतं.

मला जे म्हणायचं आहे ते या पट्टीपाशीच सुरू होतं. मॉरिशसचं हरित अर्थधोरण वीज, प्लास्टिक, मोटारी, अधिभार यांबद्दल भरभरून बोलतं. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या छोट्या देशाने जितकी उद्दिष्टं जाहीर केली, तितकी मोठमोठ्या देशांनीही केली नसतील. पण जमिनीचा विषय निघाला की त्या धोरणाची वाचा बसते, कारण देशाच्या तिजोरीला लागणारं परकीय चलन आता जमीन विकूनच मोठ्या प्रमाणावर येतं. जोवर हा व्यवहार चालू आहे, तोवर बाकीची हिरवी कलमं फार तर मूळ प्रश्न लांबणीवर टाकण्याचं काम करतील.

आधी त्या बेटाची थोडी ओळख. मराठी वाचकाला मॉरिशस म्हटलं की मधुचंद्राची पॅकेजं आठवतात, फार तर तिथला गणेशोत्सव. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, याचं आपल्याला कौतुकही वाटतं. पण आपलं नातं याहून जुनं आहे आणि अगदी शब्दशः कठीण आहे. ज्या तप्त उद्रेकबिंदूतून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा कातळ उसळला, त्याच बिंदूवर फार नंतर, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस घडलं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून तिथे गेलेल्या साडेचार लाखांच्या आसपास भारतीयांमध्ये मुंबई बंदरातून चढलेली कोकणातली आणि देशावरची माणसंही होती. त्यांना तिथे पहिलं काम मिळालं ते रानातले काळे दगड वेचून रचण्याचं. ते ढीग अजूनही उसाच्या शेतांत उभे आहेत, लहानशा पिरॅमिडसारखे. दगड उचलला की खाली सोनं सापडतं असं सांगून आमच्या पूर्वजांना बोटीत चढवलं, ही आठवण त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आता त्या दगडांखालची जमीनच सोन्याच्या भावाने जाते आहे.

देश केवढा? सगळी बेटं धरून २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. वस्ती साडेबारा लाखांच्या घरात. २०१९ मध्ये तिथे १३ लाख ८३ हजार पर्यटक आले, म्हणजे एका वर्षात घरातल्या माणसांपेक्षा पाहुणे जास्त.

या बेटाचा संसार दीडशे-पावणेदोनशे वर्षं उसावर चालला. १९७५ पासून युरोपशी झालेल्या साखर कराराने त्याला मोठा आधार दिला: वर्षाला पाच लाख टन साखर, जागतिक बाजारापेक्षा बहुतेक वर्षी कितीतरी चढ्या ठरलेल्या भावाने. मग युरोपने आपलं साखर धोरण बदललं. २००६ पासून टप्प्याटप्प्याने भाव ३६ टक्क्यांनी खाली आले, २००९ मध्ये करारच संपला. त्या धक्क्यातून उद्योग सावरावा म्हणून सरकारने कारखाने बंद करून मोजक्या ठिकाणी गाळप एकवटलं. आज तीन कारखाने उरलेत. कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली, वर रोख रक्कम आणि घरासाठी जमिनीचा तुकडा. मळेवाल्या कंपन्यांना हा सगळा खर्च परवडावा म्हणून त्यांना जमीन बिगरशेती करताना करात सूट मिळाली. आणि २००२ मध्ये आणखी एक दार उघडलं: परदेशी माणसाला मोठ्या रिसॉर्ट प्रकल्पात किमान पाच लाख डॉलरचा बंगला घेता येईल आणि त्यासोबत राहण्याचा परवानाही मिळेल. पुढे परवान्याची ही किंमत पावणेचार लाखांवर आली. योजनांची नावं बदलत गेली, ‘स्मार्ट सिटी’ही आली. उसाच्या फडाच्या जागी गोल्फचं मैदान आणि त्याभोवती बंगले, हा साचा मात्र तोच राहिला.

एन.ए. हा शब्द ऐकला की कोकणातल्या माणसाचे कान टवकारतात, त्यामुळे या भागाचं फार स्पष्टीकरण मी देत बसत नाही.

आता वीज बघू, कारण हरित धोरणाचा सगळा डौल तिथेच आहे. उसाच्या चिपाडावर वीज करणं महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांच्या सभासदाला नवीन नाही. आपण त्याला सहवीजनिर्मिती म्हणतो. मॉरिशसने हे १९५७ मध्ये सुरू केलं. सेंट आंत्वान कारखान्याने आपल्या बॉयलरची उरलेली वीज सार्वजनिक जाळ्याला विकली. पुढे उच्च दाबाचे बॉयलर आले, विजेच्या खरेदीचे दीर्घ करार झाले, आणि बेटाच्या अक्षय विजेतला निम्म्याहून अधिक वाटा चिपाडाचा झाला. जगभरच्या परिषदांत मॉरिशसचं उदाहरण देतात ते या कामगिरीसाठी, आणि ते रास्तही आहे. भाषणात सहसा येत नाही ती गोष्ट अशी की, गळीत हंगाम संपला की त्याच बॉयलरमध्ये आयात केलेला दगडी कोळसा जळतो. सहा महिने ऊस, सहा महिने कोळसा. तरी मी याला थोतांड म्हणणार नाही. ज्या बेटावर ना तेल ना वायू, तिथे शेतातला पालापाचोळा जाळून घराघरांत दिवे लावणं ही मोठीच गोष्ट आहे.

पण चिपाड मिळायला ऊस लागतो आणि उसाला जमीन. या शतकाच्या सुरुवातीला ७० हजार हेक्टरांच्या आसपास असलेलं उसाचं क्षेत्र आता ४० हजारांच्या आसपास उतरलं आहे. साखर पाच-सव्वापाच लाख टनांवरून अडीच लाखांच्या आत आली. साहजिकच चिपाडही घटलं. सरकारने २०३० पर्यंत ६० टक्के वीज अक्षय स्रोतांतून आणण्याचं आणि कोळसा बंद करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. प्रत्यक्षात अक्षय विजेचा वाटा २०१५ च्या सुमारास २० टक्क्यांच्या वर होता, तो २०२३ पर्यंत २० च्या खाली गेला. उद्दिष्ट चढतंय आणि आकडा उतरतोय. वीजखातं पत्र्यांवर सौरपटलं बसवत असताना जमीन परवानगी देणारं खातं विजेचं रान काढून घेत होतं. हे दोन्ही निर्णय एकाच मंत्रिमंडळाचे, बहुधा एकाच अर्थसंकल्पी भाषणातले, फक्त वेगवेगळ्या पानांवरचे.

यात छोट्या शेतकऱ्याचं काय झालं हे सांगायलाच हवं, कारण तो शेतकरी बहुतांशी करारबद्ध मजुराचा पणतू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत साखर मंदीत गेल्यावर मोठ्या मळेवाल्यांनी कडेच्या, हलक्या जमिनी तुकडे करून विकायला काढल्या. करार संपलेल्या मजुरांनी ते तुकडे घेतले. जन्मभर दुसऱ्याच्या रानातले दगड वेचलेल्या माणसाला स्वतःच्या नावावर एक तुकडा मिळाला, यातून त्या समाजाची शाळा, मतदान, राजकारण सगळं उभं राहिलं. त्या तुकडेविक्रीला ‘मोर्सेलमां’ म्हणत. आज बेटावर हा शब्द घरांच्या प्लॉटिंगसाठी वापरतात. शब्दाचा अर्थ जसा घसरला, तशीच शेतीही. छोट्या शेतकऱ्यांची वर्षानुवर्षांची तक्रार होती की साखरेचा पैसा मिळतो, पण आमच्या उसाच्या चिपाडातून जी वीज होते तिचा वाटा आमच्यापर्यंत जेमतेम पोचतो. २०२१ मध्ये सरकारने चिपाडाचा मोबदला बराच वाढवला. तोवर गेल्या २० वर्षांत निम्म्याहून जास्त छोट्यांनी ऊस सोडला होता. जो शेतकरी खरं म्हणजे या देशाचा वीज उत्पादक होता, त्याला कुणी तसं मोजलंच नाही. तो पिकाच्या रकान्यात राहिला आणि ऊर्जेच्या रकान्यात कारखान्याचं नाव लागलं.

घोषणांचा इतिहासही बोलका आहे. २००८ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान नवीन रामगुलाम यांनी ‘मॉरीस इल द्युराब्ल’, म्हणजे ‘शाश्वत मॉरिशस बेट’, ही योजना मांडली. बेटावरच जन्मलेले फ्रेंच शास्त्रज्ञ जोएल द रोने सल्लागार झाले. पेट्रोल, डिझेल, कोळशावर किलोमागे किंवा लिटरमागे १५ सेंटचा अधिभार लागला, पुढे तो ३० सेंट झाला. २०२५ पर्यंत ३५ टक्के अक्षय वीज हे तेव्हाचं उद्दिष्ट होतं. त्याच सरकारच्या काळात दुसरीकडे १०० मेगावॉटच्या नव्या कोळसा प्रकल्पाची तयारीही चालली होती. २०१३ च्या जानेवारीत त्याविरुद्ध एका तरुण कार्यकर्त्याने उपोषण केलं तेव्हा त्याची चर्चा देशभर झाली. २०१४ च्या अखेरीस सरकार बदललं. कोळसा प्रकल्प रद्द झाला, हे चांगलं. शाश्वत बेटही गुंडाळलं गेलं. पेट्रोलच्या दरपत्रकात मात्र त्या योजनेच्या नावाचा अधिभार पुढेही बराच काळ दिसत राहिला. योजना गेली आणि तिची वसुली मागे राहिली. २०२४ च्या नोव्हेंबरात रामगुलाम पुन्हा पंतप्रधान झाले, थेट निवडून येणाऱ्या ६२ पैकी ६० जागा जिंकून. आता २०२५ संपलं. ३५ टक्के कुठे आहेत हे त्यांना विचारायला समोर विरोधी पक्षही फारसा उरलेला नाही.

हे सगळं वाचून मॉरिशसला हरित काहीच जमत नाही असं कुणाला वाटेल, तर ते चूक ठरेल. त्याच देशाने दोन कामं अशी केली आहेत की ती कोकणातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने माहीत करून घ्यावीत.

पहिलं वाळूचं. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे आणि कड्याच्या आत उथळ, शांत पाणी, ज्याला लगून म्हणतात. त्या लगूनमधून होड्या भरून वाळू उपसली जायची. बेटावरची घरं, हॉटेलं त्याच वाळूत बांधली गेली. या वाळूने किनारा धरून ठेवलेला असतो, ती गेली की लाटा आत येतात. २००१ च्या ऑक्टोबरात सरकारने हा उपसा पूर्ण बंद केला. उपसा करणाऱ्यांना भरपाई दिली आणि बांधकामाला काळा कातळ फोडून केलेली कृत्रिम वाळू वापरात आणली. आपल्याकडे खाडीतल्या ड्रेजरवर रात्री धाड पडते आणि सकाळी ड्रेजर पुन्हा चालू होतो. तिथे उपसा थांबला, कारण वाळू उपसणाऱ्याच्या पोटाची आणि बांधणाऱ्याच्या वाळूची, दोन्ही सोय एकाच वेळी केली गेली.

दुसरं रॉड्रिग्जचं. मुख्य बेटापासून सुमारे ६०० किलोमीटर पूर्वेला असलेलं हे छोटं बेट, २००२ पासून स्वायत्त. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ओहोटीला लगूनमध्ये चालत जाऊन लोखंडी आकड्याने ऑक्टोपस मारतात. तिथल्या क्रेओल भाषेत ऑक्टोपसला ‘ऊरित’ म्हणतात. मासळी घटत चालली तेव्हा २०१२ मध्ये बेटाच्या प्रशासनाने ऑगस्टच्या मध्यापासून दोन महिने ऑक्टोपसला हात न लावण्याचा नियम केला. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात तशातलाच हा प्रकार, पण एक फरक मोठा आहे. त्या दोन महिन्यांत त्या बायकांना दुसरं काम आणि त्याची मजुरी दिली गेली: किनारा साफ करणं, पाळत ठेवणं, असं काही. बंदी उठल्यावर मिळालेला ऑक्टोपस वजनाला जास्त भरला. पुढे मुख्य बेटानेही, २०१६ पासून, तसाच हंगाम पाळायला घेतला. या उपायाला कुठला महागडा सल्लागार लागला नाही. लगून कुणाचं आणि त्यावर पोट कुणाचं, हे तिथे आधीच स्पष्ट होतं.

आणि नेमकं हेच मुख्य बेटाच्या किनाऱ्यावर स्पष्ट नाही. तिथे भरतीरेषेपर्यंतची पुळण सगळ्यांची, हा नियम आहे. पण पुळणीवर पोचायचं कसं? मागच्या ८१ मीटरवर हॉटेलची भिंत, बाजूला दुसरं हॉटेल, मध्ये कुठेतरी एक चिंचोळी बोळ. काही वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या पोंपोनेत या किनाऱ्याचा सार्वजनिक दर्जा एका हॉटेल प्रकल्पासाठी काढून घेतला, तेव्हा लोकांनी ‘आरेत कोकें नू लाप्लाज’ अशी हाक दिली. अर्थ सरळ आहे: आमचा किनारा चोरणं थांबवा. चळवळीच्या नावात प्रवाळ नाही की कासवही नाही, सरळ चोरीचा आरोप आहे. मला हे नाव कितीतरी सरकारी दस्तऐवजांपेक्षा अचूक वाटतं.

लोकांचं त्या पाण्याशी नातं काय आहे ते २०२० मध्ये जगाने पाहिलं. २५ जुलैला ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचं आणि पनामाचा झेंडा लावलेलं अजस्र मालवाहू जहाज आग्नेय टोकाला पॉइंत देस्नीच्या प्रवाळावर चढलं. जहाज रिकामं होतं, पण टाक्यांत चार हजार टनांच्या आसपास इंधन होतं. जवळच ब्लू बेचं संरक्षित सागरी उद्यान आणि पाणथळ, दोन्ही रामसर यादीतली, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांमधली. बारा दिवस ते जहाज तिथे तसंच लाटांचा मार खात राहिलं. ६ ऑगस्टला टाकी फुटली आणि सुमारे एक हजार टन काळं तेल लगूनमध्ये पसरलं. सरकार म्हणत होतं, हे काम आमच्या यंत्रणेवर सोडा. माहेबूर गावातले लोक थांबले नाहीत. त्यांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचं पाचट कोंबलं, तरंगायला रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि असे कित्येक मीटर लांबीचे अडसर समुद्रात सोडले. बाईमाणसांनी केस कापून दिले, केस तेल शोषतात म्हणून. २९ ऑगस्टला राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यावर हजारोंचा काळ्या कपड्यांतला मोर्चा निघाला.

नुकसानभरपाईच्या वेळी आणखी एक गोष्ट उघड झाली. जहाजमालकाच्या देण्यावर आंतरराष्ट्रीय कायद्याने मर्यादा असते. १९९६ मध्ये ती मर्यादा बरीच वाढवण्यात आली होती. मॉरिशस मात्र १९७६ च्या जुन्या करारावरच थांबलं होतं. २३ लाख चौरस किलोमीटर समुद्रावर हक्क सांगणारा, नील अर्थव्यवस्थेच्या परिषदा भरवणारा देश, आणि चोवीस वर्षं एका कागदावर सही करायची राहून गेली. अशी सही करण्याला फारसा खर्च नसतो, तिच्यासाठी फीत कापायचा कार्यक्रमही होत नाही, म्हणून ती राहून जाते, असा माझा अंदाज आहे.

जमिनीशिवायची हरितता कुठवर जाऊ शकते याचा सगळ्यात कडवट अनुभव मॉरिशसला दुसऱ्याकडून आला. स्वातंत्र्य देण्याआधी ब्रिटनने हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली, तिथल्या दीड-दोन हजार रहिवाशांना हाकललं आणि त्यांतल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ होऊ दिला. २०१० मध्ये ब्रिटनने त्याच बेटांभोवती अवाढव्य सागरी अभयारण्य जाहीर केलं. निसर्गप्रेमी संस्थांनी टाळ्या वाजवल्या. नंतर उघड झालेल्या राजनैतिक तारेवरून कळलं की अभयारण्यामुळे मूळ रहिवाशांना परत येणं अवघड होईल, हे ब्रिटिश अधिकाऱ्यांना पुरतं माहीत होतं. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ते अभयारण्य सागरी कायद्याचा भंग करणारं ठरवलं. नकाशावर हिरवा रंग फिरवून माणसं पुसता येतात, हे मॉरिशसच्या मुत्सद्द्यांना चांगलंच कळतं. जगाच्या न्यायालयांत त्यांनी ते उत्तम मांडलं. घरच्या किनाऱ्याचा विषय आला की तेच ज्ञान कुठे जातं, हे मला कळत नाही.

आता प्रतिवाद. तो पोकळ नाही, म्हणून त्याला जागा द्यायला हवी. १९६० च्या सुमारास अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाचं भवितव्य अंधारं असल्याचं सांगितलं होतं: लोक फार, जमीन कमी, ऊस एकमेव. बेटाने त्यांना खोटं ठरवलं. १९७० नंतर कापड कारखाने, मग पर्यटन, मग वित्तसेवा. २०२० मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्नाच्या देशांत घातलं. करोनाने पुढच्याच वर्षी ते नाव खाली आणलं. मोफत शिक्षण, मोफत आरोग्य, सगळ्या वृद्धांना पेन्शन, विद्यार्थ्यांना मोफत बस. आफ्रिकेतल्या किती देशांत हे आहे? आणि हे सगळं चालवायला डॉलर लागतात, कारण तीन-चतुर्थांश अन्न आणि सगळं इंधन बाहेरून येतं. परदेशी थेट गुंतवणुकीचा निम्म्याहून अधिक भाग बऱ्याच वर्षी स्थावर मालमत्तेत आला आहे. तो बंद करा, आणि मग भाताचं बिल कशाने भरणार?

हा प्रश्न ज्या अर्थमंत्र्यासमोर आहे त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण त्याचं उत्तर त्या प्रश्नातच दडलेलं आहे. ज्या जमिनीवर अन्न आणि वीज पिकायची तीच विकून अन्न आणि वीज विकत घ्यायची, हा हिशेब दरवर्षी थोडा अधिक तोट्यात जातो, कारण पुढच्या वर्षी विकायला थोडी कमी जमीन असते आणि आणायला थोडं जास्त धान्य. साखर परदेशी पाठवली की पुढच्या हंगामात पुन्हा ऊस येतो. बंगला एकदाच विकला जातो. शिवाय त्या बंगल्याला वर्षभर पाणी लागतं, वातानुकूलन लागतं, तलाव लागतो, आणि हे सगळं पुन्हा आयात इंधनावर. आणि पाणथळ बुजवून, उतारावर काँक्रीट घालून बांधलेल्या बेटावर पाऊस कसा वागतो तेही पोर्ट लुईने पाहिलं आहे: ३० मार्च २०१३ ला अचानक आलेल्या पुरात अकरा माणसं गेली, १५ जानेवारी २०२४ ला बेलाल चक्रीवादळात रस्त्यावरच्या मोटारी वाहत गेल्या. डॉलर आले तेव्हा ते जमेच्या बाजूला मांडले गेले. हा पूर कुठल्या खात्यावर टाकायचा?

अलीकडच्या अर्थसंकल्पांत काही नवे कर आले आहेत. २०२४ मध्ये पाच कोटी मॉरिशियन रुपयांवर उलाढाल असलेल्या कंपन्यांच्या नफ्यावर २ टक्के हवामान अधिभार लागला. २०२५ च्या ऑक्टोबरपासून पर्यटकाकडून दर रात्री तीन युरो. मी याच्या विरोधात नाही. स्वतःचा वाटा जागतिक उत्सर्जनात ०.०१ टक्का असलेल्या देशाला २०३० पर्यंत हवामानाच्या कामांसाठी साडेसहा अब्ज डॉलर लागतील, असा त्याचाच अंदाज आहे. त्यातले जवळजवळ दोन-तृतीयांश बाहेरून यावेत अशी अपेक्षा आहे. ज्यांनी हवा बिघडवली ते देश पैसा देताना हात आखडतात, तर पाहुण्याकडून तीन युरो घेण्यात गैर काय? पण हा कर रात्रींवर आहे. रात्री जितक्या जास्त, निधी तितका मोठा. किनारा वाचवण्याचा पैसा किनाऱ्यावरच्या गर्दीतून येणार असेल, तर गर्दी कमी करण्याचा निर्णय कोणता अर्थमंत्री घेईल? सहा-सात वर्षांनी हाच युक्तिवाद ऐकू येईल: नवं हॉटेल होऊ द्या, हवामान निधीत भर पडेल.

म्हणून मला वाटतं, मोजायचं असेल तर हे मोजावं. उसाची जमीन ऊर्जेची पायाभूत सुविधा म्हणून नोंदवावी, जसं धरण किंवा वीजकेंद्र नोंदवतात. मग ती बिगरशेती करताना किती मेगावॉट बुडाले हे परवानगीच्या कागदावर लिहावंच लागेल. सुधारणेच्या नावाने दिलेली करसवलत संपली असं स्पष्ट सांगावं, कारण ती ज्या संकटासाठी दिली ते संकट संपून दीड दशक उलटलं. छोट्या शेतकऱ्याला चिपाडाचा पैसा साखरेच्या हिशेबात न मिसळता वीजबिलासारखा थेट मिळावा. आणि त्या ८१ मीटरचे सगळे भाडेपट्टे, कुणाला, किती वर्षांना, किती भाड्याने, हे कुणालाही घरबसल्या पाहता यावेत. यातली शेवटची मागणी सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त विरोध तिलाच होईल.

कारण ते भाडेपट्टे छोट्या मुदतीचे नाहीत. २००७-०८ मध्ये कायदा बदलून किनारी जमिनीचे नवे करार ६० वर्षांसाठी दिले गेले, आणि त्यातले बरेच २०६८ च्या आसपास संपतात. स्वातंत्र्याला तेव्हा शंभर वर्षं होतील. या साठ वर्षांत समुद्र वर येणार आहे, याबद्दल करार करणाऱ्या दोन्ही बाजूंना शंका नव्हती. आता नियम आठवा: भरतीरेषेच्या खालची पुळण लोकांची, वरची पट्टी भाडेकरूची. पाणी चढलं की भरतीरेषा आत सरकते. हॉटेलची भिंत सरकत नाही, तिच्यापुढे दगड टाकून ती आणखी पक्की केली जाते. म्हणजे बुडेल ती मधली वाळू, रविवारी पोर्ट लुईहून बसने येऊन बिर्याणीचं पातेलं उघडणाऱ्या कुटुंबाची. त्यांच्या वाटणीची वाळू कुणी विकलेलीही नसेल आणि कुणी बुडवलेलीही नसेल, निदान कागदावर तरी.